काळीच्या नाकातलं पीस

१२ ऑक्टोबर २०२४ रोजी, दसऱ्याच्या दिवशी, ज्ञानदेव ताकवणेनं शिरूरच्या बाजारात एक हजार तीनशे पन्नास रुपये मोजून तीन गावरान कोंबड्या विकत घेतल्या. लोक दसऱ्याला सोनं घेतात, गाडी घेतात, निदान मोबाइल तरी घेतात. ज्ञानदेवनं कोंबड्या पिशवीत घालून मोटरसायकलला अडकवल्या आणि त्यांना वारा लागू नये म्हणून शिरूरपासून केडगावपर्यंत तिसाच्या वर काटा जाऊ दिला नाही. वाटेत दोन सायकलवाले त्याला मागे टाकून गेले. हे तो स्वतःच सांगतो.

दारात त्याच्या बायकोनं, अनितानं, पिशवीत डोकावून पाहिलं.

"ह्यांना ओवाळायचं का चिरायचं?"

"पाळायच्यात," ज्ञानदेव म्हणाला. "निवृत्तीनंतर काहीतरी उद्योग पाहिजे."

"तुम्हाला पाहिजे. त्यांना कशाला?"

ज्ञानदेव शिरूरच्या कॉलेजातून बी.कॉम. झालेला. कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत स्टोअरचं काम बघण्यात त्याची एकतीस वर्षं गेली होती आणि निवृत्तीला साडेसात महिने उरले होते. स्टोअरमध्ये प्रत्येक वस्तूला जागा, जागेला चिठ्ठी आणि चिठ्ठीला नंबर. तीच सवय त्यानं घरी आणली होती. स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर त्यानं एका रविवारी नावाची चिठ्ठी लावली. तेव्हापासून 'तूरडाळ' लिहिलेल्या डब्यात अनिता मुद्दाम मटकी ठेवते.

कोंबड्या आल्यावर त्यानं मोबाइलवर त्यांच्या आजारांची माहिती जमवली. कोंबडीला काय होत नाही! अंडं आत अडकतं, बिनकवचाचं अंडं येतं, पोटातच अंडं फुटतं, अंड्याबरोबर मागचं अंग बाहेर येतं. ज्ञानदेवनं दोनशे पानी वही आणली, तीन रकाने आखले – लक्षण, आजार, उपाय – त्यात ही सगळी माहिती उतरवली आणि रोज सकाळी कंपनीची बस यायच्या आधी तो पांढरी, तांबडी आणि कवडी या तिघींच्या मागे वही घेऊन फिरू लागला. तिघी धडधाकट होत्या. दोन महिने वहीची गरज पडली नाही आणि तो थोडा खट्टू झाला.

डिसेंबरात एकदाची तांबडी कोपऱ्यात बसली. उठेना, दाण्याला येईना, अंडं देईना. ज्ञानदेवला मनातून बरंच वाटलं. अंडं अडकलं, असं त्यानं जाहीर केलं, टबात गरम पाणी काढलं आणि तांबडीला त्यात बसवलं. तांबडीनं अंगणात जे काही ओरडायचं ते ओरडून घेतलं. त्या आवाजानं तारेच्या कुंपणापलीकडून पुतळाबाई आल्या.

पुतळाबाईंचं वय सत्तरीच्या पुढं. कुंपणाला लागून अर्धा एकर शेवंती आणि झेंडू, त्याच्या कडेला पत्र्याचं घर, आणि घराभोवती जन्मभर कोंबड्या. त्यांनी कधी काही लिहून ठेवलं नाही, कारण लिहिता येत नव्हतं. पण कोंबडी उचलून तिच्या पोटाखाली बोटं लावली की "उद्या सकाळच्याला देईल" असं सांगायच्या, आणि उद्या सकाळी ती द्यायची. ज्ञानदेवनं एकदा महिनाभर त्यांचे अंदाज टिपले होते. एक चुकला. त्या दिवशी कुत्रं मागे लागलं होतं.

"ज्ञानदेवा, कोंबडीला अंगुळ? कुठं लगीन हाय का?"

"मावशी, अंडं अडकलंय हिचं."

"हिचं न्हाई, तुझं डोकं अडकलंय. खुडूक हाय ती."

ज्ञानदेवला खुडूक हा शब्द माहीत होता. घरात कोणी रुसून बसलं की आई म्हणायची. पण तो कोंबडीचा शब्द आहे, हे त्यानं कधी मनावर घेतलं नव्हतं. अंडी उबवायची हुक्की आली की कोंबडी अंडी द्यायची थांबते आणि जागा धरून बसते, एवढीच गोष्ट. आजार नाहीच.

"हात घाल पोटाखाली," पुतळाबाई म्हणाल्या.

त्यानं हात घातला. तांबडी फुगली, मांजरासारखी गुरगुरली आणि तिनं त्याच्या बोटाचा असा लचका तोडला की ज्ञानदेव टबात बसता बसता राहिला.

"लागलं? आता ध्यानात ठिव. जी टोचती ती खुडूक. आजारी कोंबडी टोचत न्हाई, गप बसती. खुडूक उतरवायची तर गार पाण्यात बुचकळ, आन् न्हाईच उतरली तर नाकातनं पीस घाल. त्या पिसाच्या नादात बसायचं इसरती."

पीस आरपार घातल्यावर तांबडी दोन दिवस पायानं नाक खाजवत अंगणभर हिंडली आणि तिसऱ्या दिवशी खरोखरच सुधारली. ज्ञानदेवनं हा अनुभव वहीत लिहिला. 'लक्षण – कोपऱ्यात बसून राहणे. आजार – खुडूक. उपाय – गार पाणी, नाकात पीस.' टोचण्याचं तेवढं लिहायचं राहिलं. ते सांगताना पुतळाबाईंचा आवाज त्याला ऐकू येत होता, पण तो बोटाला हळद लावत होता. जो मुद्दा बोटानं शिकवला तोच बोटामुळं वहीत आला नाही. ज्ञानदेव हे आता हसून सांगतो. तेव्हा त्याला ठाऊकच नव्हतं.

जानेवारीत पुतळाबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. त्यांची लेक नकुशी शिरूरला दिलेली, तिच्याकडे पंधरा दिवस राहायचं होतं. शनिवारी, १८ तारखेला, पिशवी भरून झाल्यावर पुतळाबाई कुंपणाशी आल्या. काखेत काळी होती.

काळी ही त्यांची एकुलती एक कोंबडी. उन्हाळ्यापर्यंत त्यांच्याकडे बावीस होत्या. मग मानमोडीची साथ आली. कोंबड्या माना वेळावत, झुलत आठ दिवसांत पटापट पडल्या. काळी तेवढी उरली.

"कासुर्डीला माह्यारी माझ्या आईच्या कोंबड्या व्हत्या," पुतळाबाई म्हणाल्या. "लगनात तिनं मला दोन दिल्या. त्यांचीच ही जात. कोंबडं गावात लई हाईत, आता चैतात हिला अंड्यावर बसवीन, म्हंजी पुना अंगण भरंल. ही गेली तर बाजारातली आणणार न्हाई मी. खेळ संपला."

"मावशी, काळजीच करू नका."

"करते की. तू वही घिऊन हिंडतोस म्हनून तर काळजी वाटती." त्यांनी काळी त्याच्या हातात दिली आणि पाठोपाठ एक डबा. "दिसाआड अंडं देती. सगळी अंडी माझी, जपून ठिव, आल्यावर मोजून घिईन. ह्या डब्यात अंड्याची भाजल्याली टरफलं हाईत, चुरा करून. रोज चिमूटभर दाण्यात टाक. आन् हिला मोकळी सोड. ही कोंडून घेणारी न्हाई."

ज्ञानदेवनं तिन्ही सूचना मन लावून ऐकल्या आणि पहिली तेवढी पाळली. दुसऱ्याची वस्तू आपल्या ताब्यात आली की तिला धक्का लागता कामा नये, हा त्याचा एकतीस वर्षांचा नियम. अंगणात मुंगूस होतं, बोका होता, रस्त्यावर कुत्री होती. त्यानं केडगावातून लोखंडी जाळीचा पिंजरा आणला, तो सामानाच्या खोलीत ठेवला, काळीला आत घातलं आणि कडीला कुलूप लावलं. कोंबडीचं कुलूप अनितानं पहिल्यांदाच पाहिलं.

"चावी बँकेच्या लॉकरमध्ये ठेवताय का?"

"हसू नकोस. जबाबदारी आहे."

राहिला डबा. अंड्याची टरफलं खाल्ली तर कोंबडीला अंडी फोडून खायची चटक लागते, असं कुठल्याशा व्हिडिओत कुणीतरी सांगितलं होतं. पुतळाबाईंनी पन्नास वर्षं टरफलं खाऊ घातली होती, पण त्यांचा व्हिडिओ नव्हता. ज्ञानदेवनं डब्यावर 'अंड्याची टरफले – पुतळाबाई' अशी चिठ्ठी लावली आणि डबा फळीवर नीट ठेवून दिला.

काळीनं रविवारी अंडं दिलं, मंगळवारी दिलं, गुरुवारी दिलं. ज्ञानदेवनं तिन्ही अंडी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलली आणि लिहून ठेवली. गुरुवारचं अंडं हातात घेताना त्याचं कवच अंगठ्याखाली किंचित दबलं. पापडासारखं पातळ होतं. ज्ञानदेवनं वहीत लिहिलं, 'काळजीपूर्वक हाताळणे.' स्वतःच्या दक्षतेचं त्याला कौतुक वाटलं.

शनिवारी अंडं आलं नाही. रविवारी २६ जानेवारी होती. कंपनीत झेंडावंदन होतं, म्हणून ज्ञानदेव पांढरा सदरा घालून सकाळीच कुरकुंभला गेला. दहा वाजता परतला आणि पिंजऱ्यात डोकावला. काळी कोपऱ्यात बसली होती. दाणे तसेच पडलेले.

ज्ञानदेवनं वही उघडली. कोपऱ्यात बसून राहणे. खुडूक. या खेपेला आपण फसणार नाही, या विचारानं तो मनापासून सुखावला. गरम पाण्याचा टब काढण्याचा मूर्खपणा माणूस एकदा करतो, दोनदा नाही. टाकीतलं पाणी रात्रभर गारठलेलं होतं. त्यानं बादली भरली आणि पांढऱ्या सदऱ्यातच, बाह्या सारून, काळीला तीनदा बुचकळली. काळी ओरडली नाही. मग त्यानं पांढरीचं एक पीस शोधलं, नाकावर चष्मा चढवला आणि काळीच्या नाकात ते आरपार घातलं. काळीनं हूं की चूं केलं नाही.

"शिकली ही," तो अनिताला म्हणाला. "तांबडीनं केवढा दंगा केला होता."

अनिता ज्वारी निवडत होती. सूप बाजूला ठेवून ती उठली. ओल्या काळीच्या पोटाखाली तिनं सरळ हात घातला आणि तिथंच ठेवला.

"अहो, ही टोचत नाही."

"मग बरंच आहे की."

"मावशी काय म्हणाल्या होत्या? टोचती ती खुडूक. तुम्ही हळद लावत होतात, मी ऐकत होते."

ज्ञानदेव चष्म्यातून काळीकडे पाहू लागला. तिचा तुरा फिका पडला होता. डोळे मिटत होते. शेपूट खाली लोंबत होती आणि दर थोड्या वेळानं हलत होती, जणू कोंबडी कुंथत होती. उभी केली तर पाय फाकून उभी राहायची आणि पुन्हा बसायची. हे सगळं त्याच्या वहीत होतं. पान तीन, पहिलीच ओळ – अंडं अडकणे. ते पान त्यानं उघडलंच नव्हतं, कारण ती चूक डिसेंबरात करून झाली होती.

बाविसांतली उरलेली एक कोंबडी आणि तिला आपण जानेवारीच्या गार पाण्यात तीनदा बुचकळून नाकात पीस खोचलं आहे. पीस आधी काढलं पाहिजे म्हणून त्यानं ते ओढलं. ते तुटून हातात आलं. सगळं आलं असेल, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली आणि मोबाइल उचलला. शिरूरला नकुशीनं फोन घेतला.

"दादा, आईला मान हलवायची न्हाई. बोलायला बी नको म्हनलंत डॉक्टर. काय काम व्हतं?"

"काही नाही, सहज. काळीबद्दल जरा—"

पलीकडे काहीतरी पडल्याचा आवाज झाला आणि फोनवर पुतळाबाई आल्या.

"काय झालं माझ्या काळीला?"

ज्ञानदेवनं तुरा, डोळे, शेपूट सगळं सांगितलं. तेवढं तो नीट सांगतो.

"हागली का?"

"थोडंसं. पांढरं."

"पोटाला हात लाव. खालच्या अंगाला. गोळा लागतोय?"

"लागतोय मावशी. लिंबाएवढा."

"अडकलंय. टरफलं घालत होतास का?"

फळीवरचा डबा, त्यावरची सुवाच्य चिठ्ठी.

"...नाही."

"मोकळी सोडली व्हती?"

"पिंजऱ्यात आहे. कुलूप लावून."

मग पुतळाबाई एकेक शब्द सावकाश बोलल्या. "आता मी सांगते तेवढंच कर. डोकं लावू नको. पाणी कोमट घे, हाताला सोसंल आसं. मागलं अंग बुडवून पाव घंटा धर. मग पुस, मागं खोबरेलाचं बोट फिरव, आन् गोणपाट टाकून अंधारात ठिव. न्हाई आलं तर पुना. पोट दाबायचं न्हाई, कळलं का? आत फुटलं तर कोंबडी गेली. आजून काय केलंयस तू?"

अनिता समोर उभी होती. ज्ञानदेवनं तिच्याकडे पाहिलं नाही.

"आणखी काही नाही मावशी."

त्याच टबात, त्याच अंगणात, ज्ञानदेव पुन्हा कोमट पाणी घेऊन बसला. काळीला दोन्ही हातांत धरलं, तिचं डोकं त्याच्या मनगटावर टेकलं. हातातली कोंबडी किती हलकी असते, हे त्याला तेव्हा कळलं. तोललेली फक्त अंडी होती. पहिल्या खेपेला काही झालं नाही. दुसऱ्या खेपेला काळी जोरानं कुंथली आणि गळाठली. अनितानं पाणी बदललं, एकदा आपल्या कोपरानं पाहिलं, गार आहे म्हणून पुन्हा तापवलं. ती टोमणा मारत नाही म्हणजे प्रकरण गंभीर आहे, एवढं ज्ञानदेवला तेहतीस वर्षांच्या संसारातून कळत होतं.

"गेली तर काय सांगायचं गं मावशींना?"

"खरं सांगायचं."

"सगळं?"

"बादलीसकट."

तिसऱ्या शेकानंतर, चारच्या सुमाराला, गोणपाटाखाली खसखस झाली. ज्ञानदेवनं कोपरा उचलला. काळी उभी होती आणि तिच्या मागे अंडं पडलं होतं. कवच नव्हतंच, नुसता पापुद्रा, आत पिवळा बलक हिंदकळत होता. कवचच नसल्यानं ते पुढं सरकत नव्हतं. काळीनं अंग झाडलं, दोन पावलं टाकली आणि ज्वारीच्या सुपात चोच घातली. सूप उचलायला अनिता धावली नाही.

ज्ञानदेवला एवढा आनंद झाला, की त्यानं ते अंडं अलगद ओंजळीत घेतलं, आत नेलं आणि काट्यावर ठेवलं. काट्यावर ते फुटलं. ओट्यावरून बलक 'तूरडाळ' लिहिलेल्या डब्यापर्यंत ओघळला.

"एवढं तोलायचंच होतं का?" अनितानं विचारलं. आता टोमणे परत आले होते.

कुलूप निघालं, पिंजरा अंगणात उलटा पडला, टरफलांचा डबा फळीवरून खाली आला. काळी उन्हात माती उकरू लागली. पुढं चारपाच दिवस तिनं अंडं दिलं नाही, पण खायला लागली, तुरा लाल झाला, आणि एका सकाळी ज्ञानदेव तिच्या पोटाखाली हात घालायला गेला तेव्हा तिनं त्याला लाथ मारली. त्यानं ती वहीत शुभ म्हणून नोंदवली.

शुक्रवारी पुतळाबाई ठरल्यापेक्षा लवकर आल्या. डोळ्यावर हिरवा चष्मा, मागे पिशवी घेऊन नकुशी. घरात जायच्या आधी कुंपणाशी आल्या. ज्ञानदेवनं काळीला उचलून त्यांच्याकडे दिली आणि दोन पावलं मागे उभा राहिला.

पुतळाबाईंनी तिचं पोट चाचपलं, मागचं अंग पाहिलं, पंख उघडून पाहिले. सगळं ठीक होतं. मग काळीचं तोंड त्यांनी चष्म्याजवळ आणलं, चष्मा वर सरकवला आणि नखांनी तिच्या नाकातून काहीतरी उपसून काढलं. पिसाचा दांडा, बोटाच्या पेराएवढा. पांढराशुभ्र.

"डोळा झकास झालाय," पुतळाबाई म्हणाल्या. "पयल्यांदा हेच दिसलं बग."

ज्ञानदेवनं अनिताकडे पाहिलं. ती पदर तोंडाला लावून दाराआड झाली होती.

"पांढरीचं हाय," पुतळाबाई म्हणाल्या. "गार पान्यात बी घातली असशील."

"घातली मावशी."

"किती डाव?"

"तीनदा."

"शेपटापतुर का मानंपतुर?"

"मानेपर्यंत."

नकुशीला हसू आवरेना. पुतळाबाई मात्र हसल्या नाहीत. काळीला त्यांनी काखेत मारली आणि पिसाचा दांडा ज्ञानदेवच्या तळहातावर ठेवला.

"हे वहीत चिकटव. आन् खाली लिव, जी टोचती ती खुडूक. मी म्हनत व्हते आन् तू हळद लावत व्हतास."

म्हणजे त्यांनीही पाहिलं होतं. ज्ञानदेवनं दांडा खरंच चिकटवला. पान तीनवर आहे.

मग अंड्यांचा विषय निघाला. त्यानं भुशात ठेवलेली तीन अंडी आणून दिली. पुतळाबाईंनी बोटांवर दिवस मोजले. आइतवार, मंगळवार, बेस्तरवार. "आन् आडकल्यालं?"

"ते... काट्यावर फुटलं."

"काट्यावर?"

"वजन करत होतो."

आता पुतळाबाई हसल्या. एवढ्या हसल्या की नकुशीला त्यांची मान धरावी लागली.

"पण मावशी, त्याला कवच नव्हतं. ते टिकलंच नसतं."

"ते मी बगितलं असतं. माझं व्हतं ना? सगळी अंडी माझी म्हनलं व्हतं."

ज्ञानदेव लगेच आत गेला आणि पांढरीचं ताजं अंडं घेऊन आला. पुतळाबाईंनी ते हातात सुद्धा घेतलं नाही.

"बाजारातल्या कोंबडीचं नगं. काळीचं दे."

काळी पुतळाबाईंची, तिची अंडीही पुतळाबाईंचीच. त्यामुळं ते द्यायचं कुठून, हे ज्ञानदेवला बी.कॉम. असूनही आजवर उमगलेलं नाही. मार्चअखेर काळी आपण होऊन खुडूक बसली. त्यानं हात घालून पाहिला आणि तिनं तो मनगटापर्यंत टोचला. पुतळाबाईंनी तिच्याखाली अकरा अंडी ठेवली, नऊ पिल्लं निघाली, त्यातली चार काळीभोर. मेअखेर ज्ञानदेव निवृत्त झाला. सकाळी तो कुंपणाशी उभा राहून पिल्लं मोजतो. वही घरात असते.

पुतळाबाईंचं एक अंडं तो अजून देणं लागतो.